करुणा भाकावी लागू नये म्हणून

1973 साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रयोगात होते प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतले 40 विद्यार्थी, म्हणजे पुढे ज्यांनी लोकांना परोपकार शिकवायचा ते. एकेकाला बोलावून सांगितलं गेलं, की शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण द्यायचं आहे. काहींना विषय होता नोकरीधंद्याचा. काहींना बायबलमधल्या त्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीवर बोलायचं होतं, जो रस्त्यात जखमी पडलेल्या अनोळखी माणसासाठी थांबतो. निघताना कुणाला सांगितलं, ‘तुम्हाला उशीर झालाय, ते कधीची वाट बघताहेत’. कुणाला, ‘वेळ झालीच आहे, निघा’. कुणाला, ‘अजून थोडा अवकाश आहे, पण निघालात तरी चालेल’. दोन इमारतींच्या मधल्या बोळात एक माणूस मान खाली घालून दाराशी कोसळल्यासारखा बसला होता. विद्यार्थी जवळून जाऊ लागला, की तो खोकायचा, कण्हायचा.

ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले 63 टक्के या ना त्या प्रकारे मदतीला आले. मधल्या गटातले 45 टक्के. घाईतले फक्त 10 टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने लक्षणीय फरक पडला नाही. परोपकाराच्या गोष्टीवर बोलायला निघालेल्यांपैकी काही जण तर त्या माणसाला अक्षरशः ओलांडून पुढे गेले. 40 ही संख्या लहान आहे, तेव्हा हे टक्के म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. तरीही विद्यापीठात करुणा कशी रुजवायची अशी चर्चा निघाली, की मला आधी तो बोळ दिसतो. कारण या चर्चेतून बहुधा एक व्याख्यान निघतं, एक सप्ताह साजरा होतो, जिन्यात चार फलक लागतात. म्हणजे आपण भाषणाचा विषय बदलतो. घाई तशीच राहते.

मराठीत एक वाक्प्रचार आहे, करुणा भाकणे. हात जोडून, अगतिक होऊन दया मागणे. सबमिशनच्या आदल्या दिवशी प्राध्यापकांच्या दारात उभा असलेला विद्यार्थी नेमकं हेच करत असतो. हॉस्पिटलची चिठ्ठी, वडिलांचा फोन, डोळ्यांत आलेलं पाणी, जे हाताशी असेल ते तो पुढे करतो. समोरच्याचा मूड बरा असला तर दोन दिवस मिळतात. आपल्याकडच्या बऱ्याचशा ‘विद्यार्थिस्नेही’ वागण्याचा पाया हा असा आहे. देणारा मनाने चांगला असतो, यात शंका नाही. पण ज्याला मागता येतं त्यालाच मिळतं. घरात कुणी शिकलेलं असलं, की पोराला माहीत असतं की नियमाला फट असते आणि ती विचारून सापडते. पहिल्या पिढीतला विद्यार्थी नियम छापील आहे म्हणजे तो अटळच आहे, असं समजून गप्प बसतो आणि कोरा कागद देऊन जातो. सगळ्यात जास्त गरज असलेला माणूस दारापर्यंत पोचतच नाही.

शब्दांची थोडी साफसफाई करायला हवी. कीव आणि करुणा यांत आपण बोलताना गल्लत करतो. पाचव्या शतकात बौद्ध आचार्य बुद्धघोषाने विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथात प्रत्येक सद्भावनेचे दोन शत्रू सांगितले, एक दूरचा, एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रूरता, तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे शोक, खिन्नता. तो करुणेसारखाच दिसतो, म्हणून घरात शिरतो. समोरच्याचं दुःख ऐकून आपणच खचलो, की वाटतं आपण फार करुणामय आहोत. प्रत्यक्षात तेव्हा आपलं लक्ष आपल्या खचण्याकडे गेलेलं असतं.

हीच गोष्ट दीड हजार वर्षांनी प्रयोगशाळेत तपासली गेली. ओल्गा क्लिमेकी, तानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना यातनेत असलेल्या माणसांच्या चित्रफिती दाखवल्या. आधी त्यांना दुसऱ्याचं दुःख आपल्यात अनुभवण्याचा सराव दिला. त्यानंतर त्यांच्या मनातल्या नकोशा भावना वाढल्या. मग करुणेचा सराव दिला, म्हणजे दुःख दिसताना त्या माणसाच्या भल्याची इच्छा धरून ठेवण्याचा. नकोशा भावना खाली आल्या, सुखद भावना वाढल्या, आणि मेंदूतली वेगळीच केंद्रं सक्रिय झाली. विद्यापीठातल्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. दिवसाला चार विद्यार्थ्यांच्या कहाण्या ऐकून त्यात बुडणारा शिक्षक वर्षभरात कोरडा पडतो, आणि मग ‘सगळे सारखेच बहाणे करतात’ या वाक्यावर येऊन थांबतो. ऐकता ऐकता ‘हिला आत्ता नेमकं काय लागेल?’ या प्रश्नावर येणारा शिक्षक जास्त टिकतो. तो दगडाच्या काळजाचा असतो असं नाही. त्याने आपलं लक्ष एक पाऊल पुढे, मदतीवर ठेवलेलं असतं.

आता मुदतीचं बोलू, कारण विद्यापीठात करुणेचे नव्वद टक्के प्रसंग शेवटी तारखेपाशी येतात. (नव्वद हा माझा अंदाज, मोजलेला आकडा नव्हे.)

एक पद्धत चांगली चालते. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमांत ती बरीच रुळलेली आहे, बाकीच्यांनी उचलायला हरकत नाही. सेमिस्टरच्या सुरुवातीला प्रत्येक विद्यार्थ्याच्या खात्यात काही जादा दिवस जमा करायचे, समजा पाच. एका असाइनमेंटला त्यातले जास्तीत जास्त दोन वापरता येतील. कारण सांगायचं नाही, परवानगी मागायची नाही, काम उशिरा जमा झालं की दिवस आपोआप वजा. ताप आला, बस चुकली, प्रेमभंग झाला, नुसता कंटाळा आला, सगळ्यांना तोच नियम. ज्याला मागता येत नाही त्यालाही तेवढंच मिळतं, आणि शिक्षकाला न्यायाधीश व्हावं लागत नाही. पाच दिवसांत न मावणारं संकट असेल, तर मात्र बोलायला या, असं त्याच पानावर लिहायचं.

ही पद्धत फसते ती ठरलेल्या जागी. पहिली अडचण उत्तरांची. आदर्श उत्तरं मुदतीच्या रात्रीच टाकली, तर जादा दिवसांना अर्थ उरत नाही, म्हणून ती दोन दिवसांनंतरच टाकायची. ग्रुप प्रोजेक्टला हे दिवस लावायचे नाहीत, कारण चौघांचे शिल्लक दिवस वेगवेगळे असतात आणि भांडण ठरलेलं. शेवटच्या असाइनमेंटलाही लावायचे नाहीत, नाहीतर तपासणी परीक्षेच्या अंगावर येते. काही विद्यार्थी पहिल्या तीन कामांतच सगळे दिवस उडवतात. तो दोष पद्धतीचा नाही, उलट ती एक फुकट मिळालेली सूचना आहे. चौथ्या आठवड्यात ज्याचं खातं रिकामं झालं, त्याचं काहीतरी बिनसलंय. त्याला दोन ओळी लिहायच्या: ‘तुझे जादा दिवस संपलेले दिसले. ओरडण्यासाठी लिहीत नाही, सगळं ठीक आहे ना एवढंच विचारायला.’ दर आठवड्याच्या छोट्या चाचण्या असतील तर दहातल्या सर्वांत कमी गुणांच्या दोन सोडून द्यायच्या. फेरपरीक्षा घेण्यापेक्षा हे सगळ्यांनाच सोयीचं.

मग हमखास प्रश्न येतो, की कुणी फसवलं तर? फसवतील. दरवर्षी काही आज्या दोनदा वारतात, असा विनोद शिक्षकांच्या खोलीत जुनाच आहे. पण हिशेब मांडून बघा. खोटं बोलणाऱ्याला मिळाले दोन दिवस. त्याला रोखण्यासाठी ज्या मुलीची आजी खरंच गेली, तिला आपण मृत्यूचा दाखला स्कॅन करून पाठवायला लावतो, तेही तेराव्याच्या आत. पहिल्या चुकीची किंमत कमी आहे.

एक गोष्ट मात्र सैल करायची नाही, ती म्हणजे दर्जा. औषधाची मात्रा चुकवणाऱ्या परिचर्येच्या विद्यार्थिनीला पास करणं ही करुणा तिच्या पुढच्या रुग्णाच्या खर्चाने केलेली असते. वेळ वाढवून द्या, आणखी एक प्रयत्न द्या, वेगळ्या पद्धतीने समजावा. गणित बरोबर यायलाच हवं. करुणा म्हणजे गुणांची खिरापत, या समजुतीने जेवढं नुकसान केलंय तेवढं कडक शिक्षकांनीही केलं नसेल.

तपासणी हा दुसरा मोठा प्रांत. लाल पेनाने रंगवलेलं पान विद्यार्थी कसं वाचतो? शेरा बरोबर आहे की चूक, हे तो नंतर बघतो. आधी तो हे शोधतो, की या माणसाने मला मठ्ठ ठरवलंय का? ज्या गटांना आयुष्यभर कमी लेखलं गेलं, त्यांना हा प्रश्न जास्त छळतो. जेफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस यांनी 1999 साली यावर काम केलं, आणि 2014 साली डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी शाळेतल्या सातवीच्या मुलांवर ते पुन्हा करून पाहिलं. निबंधावर टीका तीच ठेवली, फक्त सोबत एक चिठ्ठी. काहींना नुसतं ‘हे तुझ्या निबंधावरचे शेरे’ अशा अर्थाची. काहींना ‘माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या गाठशील हे मला माहीत आहे, म्हणून हे शेरे’ अशा अर्थाची. निबंध सुधारून परत आणणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण पहिल्या चिठ्ठीला 17 टक्के होतं, दुसरीला 70च्या वर गेलं. गोऱ्या मुलांमध्येही ते वाढलं, पण एवढं नाही. गट इथेही लहान होते. दिशा मात्र स्पष्ट आहे.

हे वाक्य आता प्रशिक्षण वर्गांतून वाटलं जातं आणि तिथेच त्याचा जीव जातो. सगळ्यांच्या वहीवर तोच शिक्का मारला, की मुलं शेजारच्याच्या वहीत डोकावतात आणि खेळ संपतो. या चिठ्ठीमागे तीन गोष्टी असाव्या लागतात. टीका खरी आणि नेमकी हवी. ‘तू हे करू शकतेस’ याला त्या लेखनातलाच पुरावा हवा, म्हणजे ‘तिसऱ्या परिच्छेदात तू दोन दावे समोरासमोर ठेवलेस, तेच पहिल्यात का नाही केलंस?’ असा. आणि पुन्हा लिहायची संधी हवी. गुण आधीच कायम झाले असतील, तर हे गोड वाक्य म्हणजे गाडी गेल्यावर दाखवलेलं तिकीट. आधी कौतुक, मग टीका, मग पुन्हा कौतुक, अशा थरांचा जो सल्ला मिळतो तो मला पटत नाही. हुशार विद्यार्थी थर सोलून टीका वाचतो, घाबरलेला विद्यार्थी फक्त वरचा थर वाचतो आणि काहीच बदलत नाही.

तपासताना पहिल्या वाचनात पेन हातात धरू नये. एका निबंधाला 20 मिनिटं असतील तर सुरुवातीची सहा-सात मिनिटं नुसती वाचायची. शेरे तीनच: एक मांडणीवर, एक पुराव्यावर, एक भाषेवर. शुद्धलेखनाची प्रत्येक चूक धरायची नाही. वारंवार होणारी एक चूक दाखवायची आणि बाकीच्या त्यालाच शोधायला लावायच्या. गुण शुक्रवारी रात्री जाहीर करायचे नाहीत, कारण पुढचे दोन दिवस विचारायला कुणी नसतं आणि त्या दोन दिवसांत वाईट गुणांची गोष्ट डोक्यात फार मोठी होते.

हे सगळं वाचून कुणी प्राध्यापक हसत असेल तर त्याचंही बरोबर आहे. 80 निबंध, प्रत्येकी 20 मिनिटं, म्हणजे 1600 मिनिटं, जवळजवळ 27 तास. हे तास वेळापत्रकात कुठे लिहिलेले असतात? कुठेच नाही. तासिका लिहिलेल्या असतात, बैठका लिहिलेल्या असतात. तपासणी रात्री होते. दमलेला माणूस साठाव्या निबंधावर जो शेरा लिहितो, तो पहिल्यावर लिहिला नसता. म्हणून ‘अधिक संवेदनशील व्हा’ असं पत्रक काढण्याआधी विभागाने एक असाइनमेंट कमी करावी. तीन उथळ तपासण्यांपेक्षा एक नीट वाचलेला निबंध आणि त्याचं पुनर्लेखन विद्यार्थ्याला जास्त शिकवतं.

वर्गातली करुणा सेकंदांत मोजता येते. मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याकडे वळतात. हे थांबणं तीन सेकंदांवर गेलं, तर उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. उभं राहून थांबून बघा, घाम फुटतो. मनात दोन श्वास मोजायचे, हा उपाय सोपा. उत्तर आल्यावरही तेवढंच थांबायचं, ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. पहिलं वाक्य भीतीचं असतं, विचार दुसऱ्या वाक्यात येतो.

गटचर्चेतला त्रास वेगळा. हर्टफर्डशायर विद्यापीठात थिओ गिल्बर्ट यांनी तिथे एक धीट पाऊल उचललं. चर्चेतली करुणा ही बारीक बारीक, डोळ्यांना दिसणाऱ्या कौशल्यांत फोडली, ती विद्यार्थ्यांना शिकवली आणि चर्चेच्या मूल्यमापनात धरली. नजर हा त्यातला पहिला धडा. बोलणारा माणूस नकळत एकाच होयबाकडे किंवा शिक्षकाकडे बघत बोलतो, आणि ज्याच्याकडे कुणीच बघत नाही तो पाच मिनिटांत चर्चेतून उठून जातो, शरीराने बसलेला असला तरी. नजर सगळ्यांवर फिरती ठेवायची. दुसरा धडा चर्चा अडवून धरणाऱ्याचा. गट काय करतो? त्याच्याकडे बघणं बंद करतो, आणि तो आणखी जोरात बोलतो. त्याऐवजी, ‘तुझा हा मुद्दा महत्त्वाचा आहे, यावर बाकीच्यांना काय वाटतं बघू या का?’ असं त्याच्याकडे बघून म्हणायचं. तिसरा, गप्प बसणाऱ्याचा. ‘तू का बोलत नाहीस?’ हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी तो आरोपच असतो. त्यापेक्षा आधी ठरवून प्रत्येकाने वाचनाचा वेगवेगळा भाग आणायचा, म्हणजे त्याच्यापाशी अशी एक गोष्ट असते जी बाकी कुणाकडे नाही. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन यांनी 1971 साली अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांमध्ये हेच केलं. एका धड्याचे तुकडे मुलांत वाटले, आणि एकमेकांचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना. गोऱ्या-काळ्या मुलांना प्रथमच एका वर्गात बसवल्यावर जो ताण पेटला होता, त्यावरचा तो उपाय होता.

प्रोजेक्टचा गट चौघांचा ठेवावा. सहा झाले की दोघांना लपायला जागा मिळते. दुसऱ्या आठवड्यातच प्रत्येकाकडून तीन ओळी घ्याव्यात, मी काय केलं, काय अडलं, कुणाची मदत हवी. शेवटी घेतलेल्या परस्पर मूल्यमापनात फक्त उट्टं निघतं.

आणि मग दार. ‘सर, एक मिनिट होतं का?’ तास संपल्यावर, सगळे गेल्यावर, पिशवीचा पट्टा हातात पिळत विचारलेलं. हे एक मिनिट कधीच एक मिनिटाचं नसतं. इथे खोटी फुरसत दाखवू नये, कारण घड्याळाकडे गेलेली नजर समोरच्याला दिसते. ‘माझ्याकडे आत्ता दहा मिनिटं आहेत. ती कमी पडली तर चार वाजता अर्धा तास बसू’, हे वाक्य जास्त दिलासा देतं. बसायला सांगावं. दार किलकिलं ठेवायचं की लावायचं, हे त्यालाच किंवा तिलाच विचारावं. पहिली पाच मिनिटं सल्ला नाही. ‘माझ्या वेळी तर’ हे शब्द तर अजिबात नाहीत. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगावं, ‘म्हणजे अभ्यास होत नाही यापेक्षा झोपच येत नाही हा त्रास आहे, असं का?’ मग विचारावं, की आज, या आठवड्यात, कशाने थोडं सोपं होईल?

बोलण्यात हताशपणा जाणवला, तर आडून विचारू नये. ‘जगणं नको वाटतं का? जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं, तर गुप्ततेचं वचन द्यायचं नाही आणि त्याला एकटं सोडायचं नाही. समुपदेशकाचा नंबर हातात देणं म्हणजे मदत झाली असं समजू नये. बरोबर चालत जावं, तिथे कुणाशी तरी गाठ घालून द्यावी, मग परत यावं. आठवड्याने एकदा विचारावं, ‘कसं चाललंय?’ बहुतेकांची करुणा पहिल्या दिवशी ओसंडते आणि आठव्या दिवशी विसरते. कॅलेंडरमध्ये नोंद करणं यात काही कृत्रिम नाही.

इथे एक अन्याय लपलेला आहे, तो बोलायला हवा. कोणत्याही विभागात हे दार ठोठावलं जाणारे शिक्षक ठरलेले असतात. बहुधा तरुण, बहुधा स्त्रिया, आणि विद्यार्थ्यांना ‘आपल्यातल्या’ वाटणाऱ्या. इतरांची दारं बंद असतात, त्या वेळेत त्यांचे शोधनिबंध होतात. बढतीच्या अर्जात शोधनिबंधांचा रकाना असतो, दाराचा नसतो. यावर उपाय एकच, हे तास मोजायचे. पीएचडीच्या मार्गदर्शनाचे तास धरतात तसे विद्यार्थ्यांशी बोलण्याचे तास कामाच्या भारात धरायचे आणि ते काम आळीपाळीने सगळ्यांकडे फिरवायचं. न मोजलेली करुणा चार माणसांना जाळून संपते.

कार्यालयाची पत्रंही कुणीतरी एकदा वाचून काढावीत. नापासाचं पत्र बहुधा शिक्षेच्या कलमाने सुरू होतं. तेच पत्र असं लिहिता येतं: काय झालं, ते का होतं आणि अनेकांचं होतं, आता कोणत्या तारखेपर्यंत काय करायचं, कोणत्या खोलीत कुणाला भेटायचं. परिणामांचा परिच्छेद शेवटी, पण स्पष्ट. ‘अनेकांचं होतं’ हे दोन शब्द किरकोळ नाहीत. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना जेमतेम तासाभराच्या सत्रात वरच्या वर्गांतल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले. सुरुवातीला सगळ्यांनाच परकं वाटतं आणि ते वाटणं ओसरतं, एवढाच त्याचा गाभा होता. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि गोऱ्यांच्या तुलनेतली तफावत निम्म्यावर आली.

स्वतःशी वागण्याचं काय? अभ्यासू मुलांना वाटतं, की स्वतःला फटकारल्याशिवाय हात चालत नाही. ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात मायकेल वोल, टिमथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी 2010 साली याच्या उलट दाखवलं. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केली म्हणून ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरीना चेन यांच्या 2012च्या प्रयोगांत कठीण चाचणीत आपटल्यावर ज्यांना स्वतःकडे मायेने बघायला सांगितलं, ते पुढच्या चाचणीच्या अभ्यासाला जास्त वेळ बसले. कारण समजण्यासारखं आहे. चुकीची लाज इतकी झाली, की माणूस ती वहीच उघडत नाही.

करून बघायचं असेल तर पेपर हातात आल्यावर 15 मिनिटं घ्यावीत. जे झालं ते एका वाक्यात, विशेषणं न लावता लिहावं. ‘मी गाढव आहे’ नव्हे, ‘तिसरा प्रश्न सुटला नाही, कारण ते प्रकरण वाचलंच नव्हतं’. मग हेच मित्राचं झालं असतं तर त्याला काय म्हटलं असतं, ते त्याच सुरात स्वतःला लिहावं. शेवटी उद्या करायचं एकच काम, वेळेसकट. ही शेवटची ओळ गाळली, की सगळा प्रकार स्वतःला गोंजारण्यावर जातो. क्रिस्टिन नेफ यांनी आत्मकरुणेची तीन अंगं सांगितली आहेत, स्वतःशी मऊपणा, ‘हे सगळ्यांचंच होतं’ याची जाण, आणि जे आहे ते वाढवून वा झाकून न बघणं. तिसरं अंग सुटलं, की पहिल्याचा लाडोबा होतो.

ध्यानावर आधारलेले अभ्यासक्रमही आहेत. थुप्तेन जिनपा आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डमध्ये 2009च्या सुमारास आठ आठवड्यांचा एक बांधला. आधी मन स्थिर करणं, मग आवडत्या माणसाविषयी माया, मग स्वतःविषयी, मग सगळ्यांचं दुःख सारखं आहे ही जाण, मग अनोळखी आणि नावडते, शेवटी प्रत्यक्ष कृतीकडे. क्रम महत्त्वाचा. पहिल्याच दिवशी शत्रूवर प्रेम करायला सांगितलं, तर माणूस खोटं बोलायला शिकतो. एमरी विद्यापीठात अशाच सरावावरचा 2009चा अभ्यास प्रामाणिक आहे. वर्गात नाव घातलेले आणि न घातलेले यांच्यात सरसकट फरक दिसला नाही. घालणाऱ्यांतही ज्यांनी घरी जास्त सराव केला, त्यांच्या शरीराचा ताणाला दिला जाणारा दाहक प्रतिसाद कमी होता. आता, आधीच निवांत असलेली माणसंच जास्त सराव करत असतील का? शक्य आहे. असे वर्ग जरूर चालवावेत, पण ऐच्छिक, आणि कामाचा बोजा कमी करण्याऐवजी म्हणून नव्हे. ज्या संस्थेत निवासी डॉक्टर सलग 30 तास जागा असतो, तिथे त्याला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगणं ही थट्टा आहे. मोहम्मदरझा होजात आणि सहकाऱ्यांनी 2009 साली फिलाडेल्फियाच्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयात पाहिलं, की विद्यार्थ्यांची सहसंवेदना पहिली दोन वर्षं जवळपास टिकते आणि तिसऱ्या वर्षी घसरते. तिसऱ्या वर्षी काय होतं? पुस्तकं मागे पडतात आणि रुग्ण समोर येतात. जिथे करुणा लागते, नेमकी तिथेच ती शिक्षणात गळते.

त्या बोळातल्या विद्यार्थ्यांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. न थांबता पुढे गेलेल्यांपैकी काही जण दुसऱ्या इमारतीत पोचले, तेव्हा अस्वस्थ आणि कासावीस दिसत होते. डार्ली आणि बॅटसन यांनी त्यांना निर्दय म्हटलं नाही. तिकडे एक माणूस त्यांची वाट बघत थांबला होता आणि त्यालाही त्यांनी शब्द दिला होता. दोघांपैकी एकाला निराश करणं त्यांना भाग होतं. 10:50ला तास संपतो, 10:55ला पलीकडच्या इमारतीत 70 जण बसलेले असतात, आणि दारात एक मुलगी विचारते, ‘मॅडम, एक मिनिट होतं का?’ वेळापत्रक करणाऱ्याने त्या पाचाचे पंधरा केले असते, तर मॅडमना काय उत्तर देता आलं असतं?